एल्युसिसच्या त्या रात्री आत काय दाखवायचे?

लसूणचटणी:

नमस्कार मंडळी. माझ्या लेकीला (इयत्ता सहावी) सध्या ग्रीक देवांचं वेड लागलंय. रोज झोपताना एक गोष्ट वाचून दाखवावी लागते. परवा पर्सेफनीची झाली. फुलं वेचणारी मुलगी, जमीन दुभंगते, पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून नेतो. आई डिमिटर मशाली घेऊन शोधत फिरते, मग रुसून बसते, शेतात धान्य उगवेनासं होतं. शेवटी तडजोड होते. मुलीने पाताळात डाळिंबाचा दाणा खाल्लेला, म्हणून वर्षातले काही महिने तिकडे आणि उरलेले आईकडे. लेक म्हणाली, "म्हणजे आत्या दिवाळीला येते तशी." मी हो म्हणून सुटले.

पण गोष्टीच्या शेवटी एक ओळ होती. जाता जाता देवीने एल्युसिस गावच्या लोकांना आपले गुप्त विधी शिकवले आणि ते बाहेर सांगायला कायमची बंदी घातली. झालं! "कसले विधी? बंदी का? कुणीच नाही सांगितलं?"

शोधायला गेले तर एका व्हिडिओत मोठ्या माईकसमोर बसलेला माणूस सांगतोय की ते सगळे बुरशीचं पेय पिऊन नशेत देव बघायचे. घरी धाकट्या दिरांचं म्हणणं, हे सगळं आपल्या तंत्रमार्गातून तिकडे गेलं. मला दोन्हींचा कंटाळा आलाय. कुणी नीट वाचलंय का? कोण जायचं, आत काय व्हायचं, आणि गुप्त होतं तर आपल्याला कळलं कसं? सहावीतल्या पोरीला सांगता येईल इतपत हवंय.


टपरीवरचा:

दिरांना सदस्य करून घ्या, धागा शंभरी गाठेल. बाकी मी वाचनमात्र.


थर्ड_इंजिनिअर:

ताई, मी या विषयातला पंडित नाही. पण एल्युसिससमोर सात महिने नांगर टाकून बसलेला इथे बहुधा मी एकटाच असेन, म्हणून लिहितो. लांबण लागेल, माफ करा.

साल १९८६. जहाजांच्या धंद्यात अशी मंदी होती की जहाज चालवण्यापेक्षा ते उभं करून ठेवणं मालकाला स्वस्त पडायचं. अथेन्सच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर एल्युसिसचं आखात आहे. समोर सालामिस बेट आडवं पडलंय, त्यामुळे पाणी तळ्यासारखं. तिथे रिकामी जहाजं एकमेकांना खेटून रांगेने लावलेली असायची. त्यातल्या एका बल्क कॅरिअरवर मी थर्ड इंजिनिअर. जहाजावर माणसं नऊ. काम म्हणजे जनरेटर जिवंत ठेवायचा, बिल्ज (बोटीच्या तळाशी साचणारं पाणी) बघायचं आणि पगाराची वाट बघायची. (कंपनीचं नाव घेत नाही. तीन महिन्यांचे बुडवले ते बुडवलेच.)

किनाऱ्यावर रिफायनरीची ज्योत रात्रभर जळत असायची, सिमेंटची धूळ डेकवर यायची. या गावात कधी देवी राहत होती असं सांगितलं असतं तर मी हसलो असतो. रविवारी लाँचने गावात जायचो. एकदा उन्हातून सावली शोधत एका कुंपणाच्या आत शिरलो. पडके खांब, पायऱ्या, आणि दारापाशी दगडी काठाची एक जुनी विहीर. पाटीवरचं मला काही वाचता येईना. त्याच विहिरीभोवती बायका देवीसाठी नाच करायच्या, हे मला वर्षभराने मुंबईत एका जुन्या पुस्तकात कळलं. तेव्हापासून जे हाताला लागेल ते वाचत आलोय.

आता तुमचे प्रश्न. देव म्हणजे तुमच्या गोष्टीतल्याच दोघी. पण एल्युसिसला त्यांना नुसतं "दोघी देवी" म्हणायचे. पर्सेफनीला "कोरे", म्हणजे फक्त "मुलगी". ही गोष्ट ज्या स्तोत्रात आहे ते होमरच्या नावावर खपतं, पण ते होमरचं नाही. सुमारे पाचशे ओळी, इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातलं. त्याचं हस्तलिखित १७७७ मध्ये मॉस्कोत सापडलं, तोवर पंडितांनाही ते वाचायला मिळत नव्हतं. मुलांच्या पुस्तकात सहसा गाळतात तो भाग त्यात फार सुंदर आहे. डिमिटर म्हातारीचा वेष घेऊन एल्युसिसच्या विहिरीपाशी येऊन बसते. पाण्याला आलेल्या राजाच्या मुली तिला घरी नेतात. ती ना बोलते, ना खाते. इयांबे नावाची मोलकरीण चावट थट्टा करते तेव्हा कुठे ती हसते. वाइन नको म्हणते, सातूचं भरड पीठ, पाणी आणि पुदिन्याच्या जातीचा पाला घालून केलेलं पेय मागते. त्याचं नाव किकेऑन. मग राजाचं तान्हं बाळ सांभाळायला घेते, रोज रात्री त्याला निखाऱ्यांत ठेवते, अमर करायला. एका रात्री आई बघते आणि किंकाळी फोडते. देवी रागावून खरं रूप दाखवते, आणि बाळाचं अमर होणं राहतं ते राहतंच.

म्हणजे माणसाला मरण चुकणार नाही हे गोष्टीतच ठरलंय. विधी आहेत ते त्यानंतरचे.

आता विधी. सण साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, आठवड्याहून जास्त चालायचा. त्याआधी वसंताच्या तोंडावर अथेन्समध्येच इलिसोस नदीकाठी एक छोटी दीक्षा व्हायची. मोठ्या सणाला एल्युसिसहून पुजारणी झाकलेल्या पेट्या घेऊन अथेन्सला यायच्या. पेट्यांत काय ते कुणाला माहीत नाही. मग जाहीर दवंडी: ज्याच्या हाताला खुनाचा विटाळ आहे आणि ज्याला ग्रीक भाषा कळत नाही त्याने निघावं. बाकी सगळे चालतील. बायका चालत, गुलाम चालत, परगावचे चालत. सरकारी गुलामांच्या दीक्षेचा खर्च देवस्थानाच्या हिशेबात टाकल्याचा शिलालेख सापडलाय. ज्या अथेन्समध्ये बाईला सभेत पाय ठेवता येत नव्हता तिथे हे होतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आरोळी, "दीक्षार्थींनो, समुद्रावर!" प्रत्येकाने एकेक डुकराचं पिल्लू घेऊन समुद्रात उतरायचं, स्वतःला आणि पिल्लाला धुवायचं, मग त्याचा बळी. एका जुन्या विनोदी नाटकात एक म्हातारा मरणाच्या भीतीने म्हणतो, तीन द्राख्मा उसने द्या हो, पिल्लू घ्यायचंय, मरायच्या आत दीक्षा उरकायचीय. आणि प्लुटार्क नावाच्या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलंय की एकदा अथेन्सच्या पिरेयस बंदरात पिल्लू धुणाऱ्या एका माणसाला पाण्यातल्या मोठ्या जनावराने धरलं आणि कमरेखालचं खाऊन टाकलं. त्याच बंदरात आमची बोट पुढे तीन दिवस होती. तेव्हा हे माहीत नव्हतं ते बरं, मी पोहलो होतो.

मग अथेन्सच्या वेशीपासून एल्युसिसपर्यंत पायी मिरवणूक. तो रस्ता आजही आहे आणि त्याचं नाव आजही "पवित्र रस्ता" असंच आहे. दुतर्फा टायरवाले आणि गॅरेजं. मिरवणुकीत "इयाक्खोस" नावाच्या देवाचा घोष. वाटेत केफिसोस नदीचा पूल लागायचा, तिथे तोंड झाकून बसलेले लोक मोठमोठ्या माणसांना नाव घेऊन शिव्या घालायचे. मी गुहागरचा. मला शिमगा समजावून सांगावा लागत नाही. गावच्या खोताला त्या दिवशी काय ऐकावं लागायचं ते लहानपणी ऐकलंय. इयांबेची थट्टा आठवा, म्हणजे हे कुठून आलं ते कळेल.

रात्री पोचायचे. दिवसभराचा उपास किकेऑन पिऊन सुटायचा. आणि मग टेलेस्टेरिऑन.

हे देऊळ नव्हे. ग्रीक देवळात मूर्ती आत आणि भक्त बाहेर असतात. इथे उलटं, माणसं आत. चौकोनी सभागृह, एकेक बाजू पन्नास मीटरच्या पुढे, छताला आधार बेचाळीस खांब, आणि चारी बाजूंना पायऱ्या. डोंगराकडच्या बाजूच्या तर खडकातच कोरलेल्या. अजून आहेत, मी त्यांच्यावर बसून संत्री खाल्ली आहेत. काही हजार माणसं मावतील. मधोमध एक छोटी बंद खोली, तिच्यात फक्त मुख्य पुजारी जाणार. त्याला हायरोफंट म्हणत, शब्दाचा अर्थच "पवित्र वस्तू दाखवणारा". तो एका ठराविक घराण्यातला, मशालजी दुसऱ्या घराण्यातला.

आत तीन गोष्टी व्हायच्या असं जुने लोक म्हणतात: काही केलं जायचं, काही बोललं जायचं, काही दाखवलं जायचं. हे कळलं कसं, तर बरंचसं विरोधकांकडून. इ.स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकांनी टिंगल करायला म्हणून लिहून ठेवलं. त्यांतला हिप्पोलिटस सांगतो की सर्वांत मोठं रहस्य म्हणून शांततेत कापलेलं धान्याचं एक कणीस दाखवायचे. बस. त्याला वाटलं, फुसका बार निघाला.

मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण माझ्या नोकरीतलं आहे. इंजिन रूममध्ये जनरेटर ट्रिप होतो तेव्हा आधी आवाज मरतो. सवयीने जो ऐकूच येत नसतो तो आवाज गेल्यावर कान दुखतात. मग अंधार. डोळ्यांसमोर हात धरला तरी दिसत नाही, वरून घाम, पायाखाली तेलकट प्लेट. त्या अर्ध्या मिनिटात माणूस काय काय बघतो! आणि मग इमर्जन्सी दिवा लागतो, मिणमिणता, आणि समोर रोजचाच प्रेशर गेज दिसतो. तो गेज त्या क्षणी मी जसा पाहिलाय तसा पुन्हा कधी दिसला नाही. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, दिवे गेले होते, मग आले. ती म्हणाली, बरं.

आता उपाशी, वीस किलोमीटर चाललेली, रात्रभर काळोखात हजारोंच्या गर्दीत दाबली गेलेली माणसं घ्या. प्लुटार्क लिहितो की मरताना जिवाला जे होतं ते दीक्षेसारखं असतं: आधी भरकटणं, काळोख, थरथर, घाम, आणि मग एकदम अद्भुत उजेड. ॲरिस्टॉटलचं म्हणून एक वाक्य टिकलंय, की दीक्षार्थीला तिथे काही शिकायचं नसतं, अनुभवायचं असतं. त्या उजेडात दाखवलेलं कणीस हे बाजारातलं कणीस राहत नाही. हिप्पोलिटसला गेज दिसला, ब्लॅकआऊट दिसला नाही.

जेवायला बोलावतायत. राहिलेलं नंतर.


बांधावरून:

चीफसाहेब, मस्तच. (थर्ड लिहिलंय, पण रिटायर होईस्तोवर चीफ झाला असालच.)

त्या बुरशीबद्दल मी बोलतो, कारण तो माझ्या शेतातला विषय आहे. आमचं पारनेर तालुक्यात, घरची बाजरी. ती बुरशी म्हणजे अरगट, आमच्याकडे साखऱ्या म्हणतात. फुलोऱ्यात ढगाळ हवा आणि रिमझिम राहिली की कणसातून गुलाबीसर चिकट थेंब गळतात, मधासारखे. मुंग्या लागतात. पुढे दाण्याच्या जागी काळपट गाठ धरते. ती पिठात गेली की मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी. आमची आजी सुपात घेऊन एकेक काळी गाठ वेचून काढायची. आता बी पेरायच्या आधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात टाकतो. गाठी आणि पोचट दाणे वर तरंगतात ते काढून जाळायचे, खाली बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं.

ग्रीसमधली जव-गव्हावरची जात वेगळी, तिच्यातले विषारी पदार्थही वेगळे, हे मान्य. एलएसडी ज्याने बनवलं तो आल्बर्ट हॉफमन स्वतः १९७८ मध्ये दोघा सोबत्यांबरोबर म्हणाला होता की किकेऑनमध्ये हेच असणार. माणूस मोठा होता, पण त्याने कधी साखऱ्याचं पीठ खाल्लेलं घर बघितलं नसावं. त्या बुरशीच्या विषाने युरोपात माणसांची बोटं झडलेली आहेत. तुम्ही वर्षानुवर्षं हजार-दोन हजार माणसांना, त्यात म्हातारे, पोटुशा बाया, एकाच रात्री ते पाजणार, आणि कुणी मेलं, कुणाला फिट आली असं एकानेही लिहून ठेवायचं नाही? आमच्याकडे लग्नात बासुंदी बाधली तरी चाळीस वर्षं गाव बोलतं.

आणि मला तर ते पेय ओळखीचं वाटलं. सातूचं पीठ पाण्यात कालवून पुदिना. उन्हातून चालून आलेल्या माणसाला कुणीही हेच देईल. त्यात देव शोधायची गरज नाही.


लसूणचटणी:

काका, बांधावरूनदादा, हात जोडले. लेकीला इंजिन रूमचं सांगितलं. तिने लगेच दिवे बंद करून सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि टॉर्च लावून काय दाखवलं असेल, तर राजगिऱ्याचा लाडू. दीर घाबरले.

पण एक राहिलं. समजा नुसतं कणीस होतं, तर लपवायचं कशाला? आणि इतक्या वर्षांत एकाच्याही तोंडून फुटलं नाही?


थर्ड_इंजिनिअर:

चीफ झालो होतो, बरोबर ओळखलंत. नाव जुनंच बरं वाटतं.

ताई, फुटायचं. म्हणूनच शिक्षा होत्या. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सचं आरमार सिसिलीवर निघायच्या तोंडावर एक प्रकरण झालं. सेनापतींपैकी एक ॲल्सिबायडिस, श्रीमंत, देखणा, वात्रट. त्याने म्हणे मित्रांच्या घरी दारूच्या बैठकीत दीक्षेचं नाटक केलं, स्वतः हायरोफंटचा झगा घालून. दुसरा मशालजी, तिसरा भालदार. मोहिमेतून परत बोलावलं, तो वाटेत पळून शत्रूला मिळाला, आणि त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. या प्रकरणातल्या लोकांच्या जप्त मालमत्तेच्या लिलावाची यादी दगडावर कोरलेली सापडलीय.

आता आरोप बघा. प्याला प्यायल्याचा आरोप नाही. तो झगा चढवून दाखवल्याचा आरोप आहे. म्हणून मला वाटतं की गुपित म्हणजे माहिती नव्हती. कणीस, पेट्या, मशाली हे शहरातल्या अर्ध्याअधिक लोकांना माहीत असणार. चुलता-चुलती, घरचा गुलाम, शेजारी, सगळे जाऊन आलेले. चोरून ठेवायची ती वेळ आणि ती जागा. ते दिवाणखान्यात केलं की त्याचा राजगिऱ्याचा लाडू होतो. (लेकीला रागवू नका. ॲल्सिबायडिसच्या पंगतीला बसवलंय मी तिला.)

पण शिक्षा मात्र खरी असायची, आणि कधी कधी वाईट. इ.स.पू. २०० च्या सुमारास अकार्नेनिया भागातली दोन तरुण मुलं गर्दीबरोबर चुकून आत शिरली. दीक्षा नव्हती. काहीतरी भाबडे प्रश्न विचारले, त्यावरून पकडली गेली. चुकून आली हे सगळ्यांना दिसत असून त्यांना मारून टाकलं. त्यावरून मॅसिडोनियाचा राजा आणि अथेन्स यांच्यात युद्ध पेटलं. हे लेकीला सांगायचं का ते तुम्ही ठरवा. मी नातवाला सांगितलं नाही.

आणि लोक जायचे का, तर मेल्यावरचं काहीतरी पदरात पडावं म्हणून. स्तोत्रात साफ आहे: ज्याने हे पाहिलं तो सुखी, ज्याने नाही पाहिलं त्याला खाली अंधारात तसा वाटा नाही. सिसेरोने दीक्षा घेतली होती. तो रोमन वकील माणूस, भाबडा नव्हे. तो म्हणतो, आनंदाने जगायला आणि बऱ्या आशेने मरायला आम्ही तिथून शिकलो. मला "बऱ्या आशेने" हे आवडतं. खात्री म्हणत नाही तो.

नंतर लोक दीक्षेच्या वेळी नेसलेलं वस्त्र टाकत नसत. त्याची तान्ह्या बाळासाठी दुपटी करत.


जुनं_खापर:

उत्तम चाललंय. दीरसाहेबांसाठी एक खरा भारतीय धागा देतो, तंत्राचा नाही.

इ.स.पू. २० च्या सुमारास भारतातल्या एका राजाचं शिष्टमंडळ रोमन सम्राट ऑगस्टसला भेटलं. बरोबर वाघ होते, रोमन लोकांनी तोवर वाघ पाहिला नव्हता म्हणतात. जन्मतः हात नसलेला एक माणूस होता, मोठे साप होते, गिधाडाहून मोठा तित्तिर होता. आणि एक तपस्वी होता. इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो की त्याने अथेन्समध्ये दोघी देवींची दीक्षा घेतली. ऑगस्टससाठी तो विधी म्हणे वेळ सोडून, अवेळी केला. त्यानंतर हा माणूस जिवंतपणी चितेत शिरला. भूगोल लिहिणारा स्ट्रेबो सांगतो, अंगाला तेल लावून, कमरेला वस्त्र, हसत उडी घेतली. त्याच्या थडग्यावर लिहिलं होतं: "बार्गोसाचा भारतीय झार्मानोखेगास, भारतीयांच्या पिढीजात रीतीप्रमाणे स्वतःला अमर करून इथे पडला आहे." बार्गोसा म्हणजे भडोच समजतात. नावात "श्रमण" ऐकू येतो की नाही बघा. पुढे शंभरेक वर्षांनी प्लुटार्कच्या वेळीही अथेन्समध्ये "भारतीयाचं थडगं" दाखवत.

"ग्रीक न समजणाऱ्याने निघावं" ही दवंडी लक्षात घ्या. म्हणजे एकतर बाबाला ग्रीक येत होतं किंवा सम्राटाच्या पाहुण्याला सूट मिळाली. मला पहिलं शक्य वाटतं. त्या काळानंतरच्या एका खलाशी-मार्गदर्शिकेत भडोचच्या बाजारात ग्रीक अक्षरांची जुनी नाणी चालतात असं नोंदलंय. आणि आपल्या कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर नावं वाचा: धेनुकाकटचे यवन (म्हणजे ग्रीक) दाते. नाशिकच्या पांडवलेण्यात एक लेणं यवनाने दिलंय. माणसं जात-येत होती. पण त्यावरून विधी इकडून तिकडे गेले असं म्हणता येत नाही. उलट पुरावा आहे तो एका भडोचकराने तिकडचा विधी घेतल्याचा. दीरांना हे सावकाश सांगा.


टपरीवरचा:

दीर ऑफलाइन गेले वाटतं. चीफसाहेब, खलाशांसाठी काही नव्हतं का? सगळं शेतकऱ्यांचंच?


थर्ड_इंजिनिअर:

होतं की. सॅमोथ्रेस नावाचं बेट आहे उत्तर एजियनमध्ये. तिथले "महान देव". नावं तिथेही झाकलेली, बाहेरचे लोक कॅबिरी म्हणायचे. त्यांची दीक्षा घेतली की माणूस समुद्रात बुडत नाही अशी समजूत. एल्युसिससारखी वर्षातून एकदाच असं नाही, बोट लागली की कधीही. खलाशांना सोयीचं. पुजारी आधी विचारायचा, आयुष्यात सगळ्यांत मोठं पाप कोणतं केलंस? एका स्पार्टन सरदाराने उत्तर दिलं, असेल तर देवांना माहीत आहे. सिकंदराचे आईबाप, फिलिप आणि ऑलिम्पियास, एकमेकांना भेटले तेही तिथल्याच दीक्षेत. पॅरिसच्या लूव्रमध्ये जिन्यावर पंखवाली, डोकं नसलेली विजयदेवी आहे ना, ती १८६३ मध्ये तिथूनच काढून नेलीय. त्या बेटावर वाचलेल्या खलाशांनी नवस फेडून टांगलेल्या वस्तू बघून एका नास्तिकाने म्हटलं होतं, जे बुडाले त्यांनीही टांगल्या असत्या तर याहून कितीतरी जास्त दिसल्या असत्या. आम्हा बोटीवरच्यांत हा विनोद आजही चालतो, फक्त देव बदललेत.

एल्युसिसचं शेवटचं सांगतो आणि थांबतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोसियसने जुनी देवपूजा बंद केली, मागोमाग अलारिकच्या गॉथ टोळ्या आल्या, देवस्थान संपलं. पण देवी लगेच गेली नाही. देवस्थानाच्या दारावरच्या दोन दगडी बायका होत्या, डोक्यावर त्या गुप्त पेट्या घेतलेल्या. एक गावात उघड्यावर पडलेली, कमरेवर अर्धीच उरलेली. गावकरी तिला मानायचे, तिच्याभोवती शेणखताचा ढीग रचायचे, पुढे दिवा लावायचे, तिच्यामुळे शेत पिकतं म्हणायचे. १८०१ मध्ये एडवर्ड क्लार्क नावाच्या इंग्रजाने तुर्की अधिकाऱ्याकडून परवानगी काढून ती उचलली. आदल्या संध्याकाळी एक बैल दावं तोडून मूर्तीला शिंगं मारू लागला. गाव हटून बसलं. लोक म्हणाले, हिला नेणारी बोट बुडेल. बोट इंग्लंडच्या किनाऱ्यावर बीची हेडजवळ खरंच फुटली. मूर्ती मात्र वर काढली, ती आज केंब्रिजच्या संग्रहालयात आहे. दुसरी बाई एल्युसिसच्याच संग्रहालयात. चार वर्षांनी डॉडवेल नावाचा प्रवासी गावात आला तर लोक त्याला सांगत होते, ती गेली तेव्हापासून पीक येत नाही.

अवशेषांच्या वर टेकाडावर मेरीमातेची छोटी चॅपेल आहे. २१ नोव्हेंबरच्या तिच्या सणाला बायका उकडलेली धान्यं घेऊन येतात. मेसोस्पोरितिसा म्हणतात त्या मातेला, पेरणीच्या मध्यावरची. त्या वर्षी मी तिथे होतो. एका काळे कपडे घातलेल्या आजीने कागदी रुमालात मूठभर घातलं. गहू, हरभरे, मसूर, मनुका. घुगऱ्याच त्या, फक्त वर डाळिंबाचे दाणे. मी ग्रीकमध्ये आभार मानले, तेवढं येत होतं. डाळिंबाचे दाणे खाल्ले की कुठेतरी परत यावं लागतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. परत मात्र अजून गेलो नाही.


लसूणचटणी:

काका, आज घुगऱ्या केल्या. डाळिंब घरात नव्हतं, लेकीने धाकट्या काकाला आणायला पिटाळलं. तिचा पुढचा प्रश्न आलाय: ती मूर्ती केंब्रिजवाले परत कधी देणार? नवीन धागा काढू का?